१८,००० च्या पॅकेजआधी एक २०० पानी वही

'नमस्कार काका,
अशोक चौकाच्या मागच्या बाजूला आमचा लहान कारखाना आहे. चार माग, टेरी टॉवेल आणि नॅपकिन. पुढच्या खोलीतच दुकान. सासरे चाळीस वर्षं या धंद्यात आहेत, नवरा माग बघतो. गेल्या दोन वर्षांपासून दुकान आणि फोन माझ्याकडे आलाय. बराचसा माल व्यापाऱ्यांकडे डझनावर जातो. लग्नसराईत आहेराचे टॉवेल जातात, बाकी थोडी किरकोळ विक्री. व्यापाऱ्यांकडून पैसे यायला तीन-तीन महिने लागतात, म्हणून थेट गिऱ्हाईक वाढवायचं मनात आहे. परवा एका एजन्सीचा मुलगा येऊन गेला. महिना १८,००० रुपये, वर्षाचा करार, तीन महिन्यांचे पैसे आगाऊ. त्यात वेबसाइट, गुगलवर पहिल्या पानाची गॅरंटी, महिन्याला १५ रील, १०,००० व्हॉट्सॲप मेसेज आणि गिऱ्हाइकांच्या नोंदीचं सॉफ्टवेअर. आम्हाला एका टॉवेलमागे विसेक रुपये सुटतात. यूट्यूब बघून मी आठ-दहा ॲप फोनवर घेतलीत, एकही धड चालवता येत नाही. नक्की कुठलं टूल घेऊ? सासरे म्हणतात, माल चांगला असेल तर गिऱ्हाईक हुडकत येतं. त्यांना कसं पटवू?
— एक टॉवेलवाली सून, सोलापूर'

सूनबाई,

तुमच्या पत्रातला सगळ्यात कामाचा आकडा १८,००० नाही, २० आहे. एका टॉवेलमागे २० रुपये सुटतात हे तुम्ही लिहिलंत म्हणून उत्तर द्यायला सोपं झालं. निम्मी पत्रं एवढंही सांगत नाहीत, नुसतं 'धंदा छोटा आहे' म्हणतात. १८,००० ला २० ने भागा. ९०० टॉवेल, म्हणजे ७५ डझन. दर महिन्याला इतके जास्तीचे विकले की एजन्सीचं बिल फिटेल, तुमच्या गल्ल्यात एक रुपया पडणार नाही. आता हे ७५ डझन आहे त्या पाळीत तुमच्या चार मागांवर निघतात का, ते सासऱ्यांना विचारा. कागद-पेन्सिल न घेता सांगतील. निघत नसतील तर गिऱ्हाईक वाढवून तुम्ही त्याला 'पुढच्या आठवड्यात या' एवढंच सांगणार.

म्हणून वर्षाचा करार आत्ता नको. त्या मुलाला नाही म्हणताना वाईट वाटून घेऊ नका. त्याला रोज अशी दहा दुकानं फिरायची असतात, नाही ऐकायची त्याला सवय आहे.

तुम्ही विचारलंय, कुठलं टूल घेऊ. माझं म्हणणं, पहिला महिना ते विचारूच नका. फलटण गल्लीतून एक २०० पानी वही आणा. पानावर उभ्या रेघा मारून चार रकाने करा: कोण आलं, आपल्याबद्दल कुठून कळलं, काय विचारलं, घेतलं का. दुकानात आलेला, फोन केलेला, मेसेज टाकलेला, प्रत्येक माणूस त्यात उतरवा. न घेता गेलेला तर आधी उतरवा. 'आमच्याबद्दल कुठनं कळलं हो?' हे विचारताना पहिले चार दिवस अवघडल्यासारखं होईल, नंतर तोंडात बसेल.

असं पान मी एका ओळखीच्या दुकानात पाहिलं होतं. मालकाला वाटायचं सगळं गिऱ्हाईक फेसबुकमुळे येतं, कारण फेसबुकवर लाइक दिसायचे. वहीत मात्र ओळीमागून ओळ एकाच जातीची उत्तरं: 'शेजारच्या लग्नात बघितला', 'मेव्हण्यानं नंबर दिला', 'मागल्या वर्षी नेला होता'. मधूनच एखादं 'पाटी बघून'. एका रकान्यात तर नुसतं 'चादर आहे का' असं सात वेळा लिहिलं होतं. तुमच्याकडेही हे होणार बघा. अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर करून परत निघालेल्या माणसाला सोलापूर म्हटलं की चादरच आठवते, टॉवेल नाही. महिन्यात वीस जणांनी चादर विचारली, तर ओळखीच्या चादरवाल्याकडच्या दहा चादरी दुकानात ठेवणं हे कुठल्याही रीलपेक्षा लवकर पैसे देईल. हे वही सांगते, सॉफ्टवेअरला कळत नाही.

महिनाभराने वही उघडली की तुमचं गिऱ्हाईक तीन-चार ढिगांत वेगळं पडेल. डझनावर नेणारा व्यापारी, आहेरवाले, रस्त्याने जाता-येता थांबलेले, आणि कदाचित लॉज, ब्युटी पार्लर, दवाखाने. या चौघांना एकाच दोरीने बांधायला गेलात तर पैसे जातील. व्यापारी तुमची रील बघून माल उचलणार नाही. त्याला भाव, वजन आणि माल कधी निघेल एवढं फोनवर हवं. लॉजवाल्याकडे तर पिशवीत दोन नमुने घालून स्वतः जावं लागतं. रेल्वे स्टेशनच्या आसपासची लॉजं नवऱ्याला एका दुपारी फिरून होतील, त्याला कुठलंच ॲप लागत नाही. उरतात आहेरवाले आणि वाटसरू. तुमच्या फोनचं काम या दोघांसाठी.

वाटसरूसाठी एकच गोष्ट करा आणि ती फुकट आहे: गुगल बिझनेस प्रोफाइल. नकाशावर दुकानाचं नाव, वेळ, फोटो, फोन दिसतात ना, तेच. ते काढायला गुगल पैसे घेत नाही. 'तुमचं लिस्टिंग बंद होणार आहे, इतके भरा' असा फोन आला तर ठेवून द्या. नोंदणी करताना तीन ठिकाणी माणसं चुकतात. एक म्हणजे पिन. अशोक चौकाच्या मागच्या बोळांत नकाशाची पिन एक बोळ इकडेतिकडे झाली तर पुण्याहून आलेला गाडीवाला भलत्याच कारखान्यापुढे हॉर्न वाजवत उभा राहतो. पिन स्वतः दुकानाच्या दारात उभं राहून टाका. दुसरं नाव. पाटीवर आहे तेच नाव द्या, त्याला 'सोलापुरी टॉवेल होलसेल बेस्ट रेट' अशी शेपूट जोडू नका. गुगलच्या नियमात ते बसत नाही आणि तक्रार झाली की नोंद अडकते. तिसरं वेळ. साप्ताहिक सुट्टी नीट भरा. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत नंदीध्वजांच्या मिरवणुकीमुळे रस्ते बंद असतात, त्या दिवसांची वेळ वेगळी टाकता येते. बंद शटर बघून परतलेला माणूस एक तारा देऊन जातो आणि तो तारा वर्षानुवर्षं तिथेच राहतो.

ताऱ्यांवरून आठवलं. समाधानी गिऱ्हाइकाला 'दोन ओळी लिहा' म्हणायला लाजू नका. पण त्याबदल्यात नॅपकिन फुकट देऊ नका, पैसे किंवा वस्तू देऊन परीक्षण लिहून घेणं नियमात बसत नाही. वाईट लिहिलं कुणी, तर भांडू नका. 'रंग गेला हे वाचून वाईट वाटलं, टॉवेल घेऊन या, बघतो,' एवढं पुरे. ते उत्तर त्या माणसापेक्षा पुढचे पन्नास जण वाचणार असतात.

आता व्हॉट्सॲप. इथे मात्र मी जरा रेंगाळणार आहे, कारण तुमचं निम्मं पॅकेज या एका फुकट ॲपमध्ये आहे. दुकानासाठी साध्या व्हॉट्सॲपऐवजी व्हॉट्सॲप बिझनेस घ्या. त्याला नंबर वेगळा घ्या, सिम घरातल्याच माणसाच्या नावावर, आणि त्याचा रिचार्ज कधी चुकवू नका. बंद पडलेला नंबर कंपनी पुढे दुसऱ्याला देते, मग तुमचं गिऱ्हाईक त्याला टॉवेलचा भाव विचारत बसतं. टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन टाका आणि तो वहीच्या शेवटच्या पानावर नको, घरातल्या कपाटात लिहून ठेवा.

या ॲपमध्ये कॅटलॉग असतो, ५०० पर्यंत वस्तू बसतात. तुम्ही १२ टाका. बाराच. आठ-दहा ॲप घेऊन जे झालं तेच सत्तर टॉवेल टाकून होईल. गिऱ्हाईक खाली सरकत राहील आणि शेवटी विचारेल, 'स्वस्तातला कुठला?' आहेरात द्यायचे चार, अंगाला चार, नॅपकिनचे दोन सेट, लॉजसाठी पांढरे दोन, झालं.

प्रत्येकाखाली काय लिहायचं ते बघा. 'उत्तम क्वालिटी' लिहू नका, सगळेच लिहितात. लिहा: ३० बाय ६० इंच, ४०० जीएसएम, वजन सुमारे ४६० ग्रॅम. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन. ३० बाय ६० इंचाचा टॉवेल जवळपास १.१६ चौरस मीटर भरतो, त्याला ४०० ने गुणलं की ४६४. गिऱ्हाईक घरी नेऊन किराण्याच्या काट्यावर टाकेल तरी आकडा जुळेल. बाजारात 'पाचशे जीएसएम' म्हणून विकलेले कितीतरी टॉवेल काट्यावर उघडे पडतात. तुमचा नाही पडणार. हीच तुमची जाहिरात, आणि ती सासऱ्यांच्या म्हणण्याच्या अगदी जवळ जाते, हे पुढे सांगतो.

रोज तेच तेच टाइप करून अंगठा दुखायला लागतो, त्यासाठी क्विक रिप्लाय आहेत. भाव, माप, पत्ता, बाहेरगावी माल कसा जातो, अशी पाच-सहा उत्तरं एकदाच लिहून ठेवायची, मग दोन अक्षरं दाबली की आख्खं उत्तर जातं. आणि हे आपल्या गावात विसरू नका: गिऱ्हाईक मराठी, कन्नड, तेलुगू, हिंदी कुठल्याही भाषेत विचारेल. विजापूर-कलबुर्गीकडचा माणूस कन्नडमध्ये सुरू होतो, तर आहेराची मोठी ऑर्डर कदाचित तुमच्याच पेठेतून तेलुगूत येईल. चारही भाषांत भावाचं उत्तर तयार ठेवा. भाषांतराचं ॲप नको, शेजारणीकडून लिहून घ्या. टेरीला, काठाला, डझनाला लोक काय म्हणतात ते तिला माहीत, ॲपला नाही.

लेबल म्हणून एक सोय आहे त्यात. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नावावर रंगीत चिठ्ठी चिकटवता येते. 'भाव विचारला', 'नमुना दिला', 'ॲडव्हान्स आला', 'माल निघाला', 'पैसे बाकी'. एवढ्या पाच चिठ्ठ्या करा. एजन्सीचा मुलगा ज्याला गिऱ्हाइकांच्या नोंदीचं सॉफ्टवेअर म्हणतो, त्यातलं तुमच्या कामाचं इतकंच. रोज रात्री दुकान वाढवताना 'भाव विचारला' उघडायचं आणि दोन दिवस गप्प असलेल्यांना एक मेसेज टाकायचा. दहा मिनिटांचं काम. ज्या दिवशी या चिठ्ठ्यांत शंभर-दीडशे माणसं एकदम अडकायला लागतील, त्या दिवशी पैसे देऊन सॉफ्टवेअर घ्या, मी अडवणार नाही.

मग त्या १०,००० मेसेजचं काय? ते नकोच, फुकट दिले तरी नकोत. कुठल्यातरी यादीतले नंबर असतात, त्यातल्या कुणी तुमच्याकडून कधी टॉवेल घेतलेला नसतो. जुगाडी सॉफ्टवेअरने असे ढीगभर मेसेज सोडले की लोक 'ब्लॉक' आणि 'रिपोर्ट' दाबतात आणि व्हॉट्सॲप नंबरच बंद करतं. बंद कुणाचा होणार? तुमचा. त्यातच कॅटलॉग, त्यातच गिऱ्हाईक. अधिकृत मार्ग आहे, त्याला बिझनेस प्लॅटफॉर्म म्हणतात. त्यात जाहिरातीच्या प्रत्येक मेसेजला पैसे पडतात आणि माणसाची संमती लागते. तुमच्या आकाराला तो आज जड आहे. साध्या एसएमएसचा गठ्ठा पाठवायचा म्हटलं तरी ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, २०१८ च्या नियमांनुसार डीएलटी या टेलिकॉम कंपन्यांच्या नोंदणी यंत्रणेत नाव आणि मजकूर नोंदवावा लागतो. दुसऱ्याच्या यादीतले नंबर वापरणं तर २०२३ च्या वैयक्तिक डेटा कायद्यानंतर आणखी अडचणीचं झालंय. तुमची यादी तुम्हीच करा. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये, म्हणजे एकच मेसेज एकदम अनेकांना पाठवायच्या यादीत, एका वेळी २५६ जण बसतात, आणि ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये जतन केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. पुष्कळांना हा अडथळा वाटतो. मला हीच चाळणी वाटते. ज्याने 'टॉवेलवाल्या ताई' म्हणून नंबर ठेवलाय, तो तुळशीचं लग्न झालं की तुमचा मेसेज वाचेल.

नंबर जतन कसा करून घ्यायचा? प्रत्येक पुडक्यात एक हातभर नाही, बोटभर चिठ्ठी टाका. एका बाजूला व्हॉट्सॲपचा क्यूआर, जो ॲपच बनवून देतं. दुसऱ्या बाजूला: 'पहिली धुलाई गार पाण्यात, वेगळी करा. सॉफ्टनर घालू नका, टॉवेल पाणी कमी ओढतो.' ती सूचना असते म्हणून माणूस चिठ्ठी फेकत नाही. आहेराच्या टॉवेलात तर ही चिठ्ठी सोनं आहे. एका लग्नात दीडशे टॉवेल-टोप्या वाटल्या गेल्या, म्हणजे दीडशे घरांत तुमचा नंबर पोचला. आणि त्या घरांत पुढचं लग्न असतंच.

फोटोचं थोडं सांगतो, कारण आमच्या गावातले निम्मे टॉवेल फोटोत मार खातात. ट्यूबलाइटखाली प्लॅस्टिकच्या पिशवीतला फोटो काढला की मोरपंखी रंग निळा दिसतो आणि वर पांढरी चमक. माल पोचला की गिऱ्हाईक म्हणतं, रंग वेगळा आला. सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला, उन्हात नाही, दाराच्या आतल्या सावलीत, घडी केलेला टॉवेल कोऱ्या पांढऱ्या कापडावर ठेवा. एक फोटो पूर्ण उघडलेला, शेजारी टेप सोडून, म्हणजे माप दिसतं. एक फोटो काठाचा, शिवण दिसेल इतका जवळून. आणि तिसरा पाईलचा, म्हणजे वर उठलेल्या धाग्यांचा: टॉवेल बोटावर दुमडा, म्हणजे टेरीच्या धाग्यांचे वेढे उभे राहतात आणि दाटपणा दिसतो. तुमचे सासरे गिऱ्हाइकाला माल दाखवताना नकळत हेच करत असणार. फोटोवर नाव, भाव टाकायला कॅनव्हा या ॲपचं फुकटचं खातं पुरतं, त्यात मराठी फॉन्ट आहेत. यूट्यूब बघून घेतलेली बाकीची ॲप आजच काढून टाका. जागाही मोकळी होईल आणि डोकंही.

एवढं सगळं बसलं की मग जाहिरात, आणि तीही चाचणीपुरती. फेसबुक-इन्स्टाग्रामवर अशी जाहिरात करता येते की बटण दाबलं की सरळ तुमचं व्हॉट्सॲप उघडतं. लग्नसराईच्या तोंडावर सात दिवस, रोज २०० रुपये. १,४०० झाले, वर १८ टक्के जीएसटीचे २५२, एकूण १,६५२. ठिकाण फक्त सोलापूर आणि आसपासचे तालुके ठेवा. 'संपूर्ण महाराष्ट्र' केलंत तर नागपूरचा माणूस दोन टॉवेलचा भाव विचारून तुमची संध्याकाळ खाईल. एकच फोटो, एकच वाक्य: 'आहेराचे टॉवेल, कारखान्यातून थेट, एक डझनपासून.' त्या सात दिवसांत किती जणांनी विचारलं, कितींनी नमुना बघितला, कितींनी ॲडव्हान्स दिला, सगळं वहीत. सात-आठ डझनांच्या पुढे विक्री झाली तर जाहिरातीचा खर्च निघाला, पुढच्या आठवड्यात पुन्हा लावा. नाही झाली तर फोटो बदलून एकदा बघा, आणि तरीही नाही तर सोडा. लाइक मोजू नका. लाइकवर मागाची वीज भरता येत नाही.

आता पॅकेजमध्ये उरलं काय? 'पहिल्या पानाची गॅरंटी'. गुगल स्वतःच सांगतं की पहिल्या क्रमांकाची हमी कुणीही देऊ शकत नाही. जो देतो, त्याच्याशी पुढचं बोलणं चहा पिऊन संपवावं. वेबसाइट पुढच्या वर्षी बघू. लॉज-हॉटेलवाले मोठ्या ऑर्डरी द्यायला लागले की एक पानाची साधी साइट बरी दिसते. तेव्हा डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, मात्र तुमच्या नावावर आणि तुमच्या ईमेलवर घ्या. रील तुम्हाला करायला आवडत असतील तर करा, महिन्याला १५ नाहीत, दोन. माग चालतानाचा खडखडाट लोकांना बघायला आवडतो. घाऊक खरेदीच्या पोर्टलवर फुकट नाव नोंदवायला हरकत नाही. पैसे भरून चौकश्या विकत घेण्याआधी एवढं ध्यानात घ्या की तीच चौकशी तुमच्यासारख्या आणखी काही जणांकडेही जाते आणि बोलणं लगेच भावावर येतं.

एक गोष्ट मी पदरमोड करून शिकलोय. माझं लग्नपत्रिका छापायचं दुकान होतं. एका पोराने हौसेने फेसबुक पान काढून दिलं, गुगलवर नाव टाकलं. सगळं त्याच्या खात्यातून, फोन नंबरही त्याचाच दिलेला. चार वर्षांत पत्रिकांचे शेकडो फोटो जमले, लोकांनी चांगलं लिहिलं. मग पोराला पुण्यात नोकरी लागली. तो वाईट नव्हता, उलट माझ्या गिऱ्हाइकांचे फोन वर्षभर मला जोडून देत राहिला. एकदा तर त्याने ऑफिसच्या मीटिंगमधून कुणाला तरी पत्रिकेच्या कागदाचा भाव सांगितला, तोही चुकीचा. पण त्याचं जुनं खातं बंद पडलं, पासवर्ड कुणालाच आठवेना, आणि पान अडकलं ते अडकलंच. सरतेशेवटी मी शून्यापासून नवं काढलं. म्हणून कामाला कुणीही ठेवा, भाचा असो की एजन्सी, गुगल प्रोफाइलचे मालक तुम्ही आणि तो फक्त मॅनेजर. फेसबुक पानाचा पूर्ण ताबा तुमच्या खात्यात, त्याला लागेल तेवढीच परवानगी. जाहिरातीचं खातं आणि त्याला जोडलेलं पेमेंटही तुमचंच. करारात हे लिहून द्यायला जो कांकूं करेल, त्याला काम देऊ नका.

दोन कागदी गोष्टी. सोलापुरी चादर आणि सोलापूर टेरी टॉवेल, दोघांनाही भौगोलिक मानांकन (जीआय) आहे. पण आपला कारखाना सोलापुरात आहे म्हणून जीआयचा शिक्का जाहिरातीत छापता येत नाही, १९९९ च्या कायद्याखाली अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवावं लागतं. ती नोंदणी करून घ्या, सोलापूरबाहेरच्या मालावर 'सोलापुरी' लिहून विकणाऱ्यांपुढे तीच तुमची वेगळी ओळख ठरते. दुसरं, ऑनलाइन ओळख वाढली की विजापूर, हैदराबादहून मागणी येणार. राज्याबाहेर माल विकायचा तर उलाढाल कमी असली तरी सहसा जीएसटी नोंदणी लागते. असेल तर उत्तम, जाहिरातीवर भरलेल्या जीएसटीचंही क्रेडिट मिळतं. नसेल तर पहिली बिल्टी (ट्रान्सपोर्टची पावती) फाडण्याआधी सीएकडे जाऊन या.

राहिले सासरे. त्यांना पटवायला जाऊ नका. माल चांगला असेल तर गिऱ्हाईक हुडकत येतं, हे ते बरोबरच बोलतात. फक्त हुडकायच्या जागा बदलल्यात. पूर्वी माणूस चौकात पानटपरीवर विचारायचा, आता नकाशात विचारतो. त्यांना ॲप शिकवू नका. एक दिवस टॉवेल हातात घेऊन चांगला आणि भरताडाचा माल कसा ओळखायचा, ते त्यांना त्यांच्या भाषेत सांगू द्या आणि तुम्ही फोन धरा. मिनिटभराचा तो व्हिडिओ स्टेटसला ठेवा. वहीतला 'कुठून कळलं' हा रकानाही त्यांनाच विचारायला सांगा. चाळीस वर्षं गिऱ्हाइकाशी बोललेला माणूस आहे, तुमच्यापेक्षा मोकळेपणाने विचारेल.

आणि गुगल प्रोफाइलची पडताळणी आजकाल बहुतेक वेळा व्हिडिओवर होते. मध्ये न थांबवता एकाच दमात चित्रण लागतं: आधी रस्ता आणि आजूबाजूची दुकानं, मग पाटी, मग आतला माल, आणि दुकान तुमच्या ताब्यात आहे हे दिसेल असं काहीतरी, म्हणजे किल्लीने कुलूप काढणं वगैरे. तेवढं शटर सासऱ्यांच्या हातून उघडून घ्या. सकाळी लवकर करा, समोर टेम्पो लागायच्या आत.